वाढत्या गोऱ्ह्याचे सांधे आणि त्यांतील कूर्चा

बैलबाजारात जनावर पाहणारा जाणता शेतकरी प्रथम दात पाहतो, मग खूर पाहतो, आणि त्यानंतर जनावरास दहावीस पावले चालवून पाहतो. दातांवरून वय कळते व चालीवरून सांध्यांची अवस्था कळते. या दोन परीक्षांचा परस्परांशी किती निकटचा संबंध आहे, हे मात्र सहसा ध्यानात घेतले जात नाही. ज्या वयात गोऱ्ह्याचे दुधाचे दात पडून कायमचे दात येत असतात, त्याच वयात त्याच्या पायांच्या हाडांची लांबी वाढत असते. ही वाढ हाडाच्या टोकांजवळ असलेल्या एका मऊ, चिवट व पांढऱ्या पदार्थात होते. त्यास कूर्चा म्हणतात. बोलीभाषेत कोणी कोवळे हाड, कोणी कुरकुरे हाड म्हणतात. ट्रॅक्टरांची संख्या पुष्कळ वाढली असली, तरी लहान तुकड्याच्या व चढउताराच्या जमिनीत अद्यापि बैलावाचून काम चालत नाही. अशा जमिनीच्या धन्याचा बैल सहाव्या-सातव्या वर्षीच लंगडू लागला, तर त्याचे मूळ बहुधा त्या बैलाच्या पहिल्या चार वर्षांत सापडते.

कूर्चेचे स्वरूप

कूर्चा म्हणजे काय हे समजण्यास दूर जावयास नको. आपल्या कानाची खालची पाळी सोडून वरचा भाग दुमडून पाहावा. तो हाडासारखा कठीण नसतो व मांसासारखा लुळाही नसतो. सोडताच पूर्ववत होतो. नाकाचा शेंडा, श्वासनलिकेची कडी, छातीच्या फासळ्यांची पुढची टोके, आणि जेथे दोन हाडे एकमेकांवर फिरतात तेथील गुळगुळीत अस्तर ही सर्व कूर्चेचीच रूपे होत. कानातील कूर्चेत लवचिक तंतू अधिक असतात, मणक्यांमधील चकत्यांत बळकट तंतूंची गर्दी असते, आणि सांध्यांतील कूर्चा काचेसारखी नितळ दिसते. शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती ही तिसरी.

सांध्यातील कूर्चेच्या वजनाचा सुमारे ६५ ते ८० टक्के भाग पाण्याचा असतो. उरलेल्या भागात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात. या तंतूंच्या जाळ्यात प्रथिन व शर्करा यांची मोठी संयुगे अडकून राहिलेली असतात, आणि ती पाण्यास धरून ठेवतात. या सर्व आधारद्रव्यात लहान लहान पोकळ्या असून त्यांत कूर्चापेशी एकट्यादुकट्या बसलेल्या असतात. बैलाने पाऊल टेकले की त्याच्या भाराने कूर्चेतील थोडे पाणी बाहेर दाबले जाते. पाऊल उचलले की ते पुन्हा आत शोषले जाते. भिजलेले फडके मुठीत दाबावे व सोडावे, तसाच हा प्रकार आहे. सांध्यातील चिकट द्रवाच्या साह्याने हे अस्तर इतके निसरडे होते की बर्फावर बर्फ घासताना होणाऱ्या घर्षणापेक्षाही येथील घर्षण कमी असते. मोठ्या बैलाच्या गुडघ्यातही या अस्तराची जाडी काही मिलिमीटरांहून अधिक नसते, आणि त्यावर त्या जनावराचा सर्व भार व ओढीचा सर्व जोर येतो.

या पदार्थाचे एक वैशिष्ट्य असे की त्यात रक्तवाहिन्या नसतात व मज्जातंतूही नसतात. येथून पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी या एका वैशिष्ट्यातून निघतात, म्हणून ते नीट समजून घेणे अवश्य आहे.

रक्त नसल्यामुळे सांध्यातील कूर्चेचे पोषण भोवतालच्या द्रवातून होते, आणि तो द्रव आतबाहेर होण्यास हालचाल लागते. दिवसभर आखूड दाव्याने बांधून ठेवलेल्या वासराच्या सांध्यास या कारणाने पोषण कमी पडते. दुसरे असे की मज्जातंतू नसल्यामुळे कूर्चा झिजत असताना जनावरास तिच्या ठिकाणी वेदना होत नाहीत. आजूबाजूचे आवरण सुजले किंवा खालचे हाड उघडे पडले म्हणजे मग जनावर पाय उचलून धरू लागते. म्हणजे लंगडणे दिसते तेव्हा नुकसान बरेच पुढे गेलेले असते. तिसरी गोष्ट सर्वांत कठोर आहे. कातडीस जखम झाली तर रक्त साकळते, नवे मांस भरते, खपली धरते. हाड मोडले तर सांधते. सांध्यातील कूर्चेचा तुकडा उडाला तर त्या जागी पहिल्यासारखी कूर्चा येत नाही. फार झाले तर जाड तंतूंचे एक ठिगळ येते व तेही लवकर झिजते. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १७४३ मध्ये हीच गोष्ट मांडली होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसाच्या गुडघ्यातील कोलॅजेनचे वय कार्बनच्या मोजमापावरून काढण्यात आले, तेव्हा प्रौढपणी त्यात जवळजवळ काहीच नवी भर पडत नाही असे आढळले. गाडीचा आस झिजला तर नवा बसवता येतो. सांध्याच्या बाबतीत जन्मल्यापासून वाढ पुरी होईपर्यंत जे अस्तर तयार होईल, त्यावरच पुढची सारी वर्षे काढावी लागतात.

हाड कसे वाढते

गाय गाभण असताना गर्भाच्या पायांच्या जागी प्रथम हाड नसतेच. तेथे पेशींचा दाट पुंजका जमतो, त्या पेशी आपल्याभोवती आधारद्रव्य सोडतात, आणि पुढे होणाऱ्या हाडाचा एक लहानसा साचा कूर्चेचा बनतो. या साच्याच्या मध्यभागी पेशी फुगतात, भोवती चुना साठतो, रक्तवाहिन्या आत शिरतात आणि त्यांच्याबरोबर आलेल्या पेशी तेथे खरे हाड रचू लागतात. नंतर दोन्ही टोकांतही हाडाचे केंद्र निर्माण होते. वासरू जन्मते त्या वेळी पायाच्या लांब हाडाचा मधला दांडा हाडाचा झालेला असतो, टोकेही होऊ लागलेली असतात; पण दांडा व टोक यांच्यामध्ये कूर्चेची एक पातळ चकती शिल्लक असते. तिला वाढीची चकती म्हणावे.

हाडाची लांबी या चकतीतच वाढते, ही गोष्ट प्रथम एका साध्या प्रयोगाने उजेडात आली. स्टीफन हेल्स या इंग्रज संशोधकाने एका कोंबडीच्या पिलाच्या पायाच्या हाडास अर्ध्या इंचाच्या अंतरावर दोन बारीक छिद्रे पाडली. दोन महिन्यांनी ते हाड सुमारे एक इंच वाढले होते, परंतु छिद्रांमधील अंतर अर्धा इंचच राहिले होते. १७२७ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. बाभळीच्या बुंध्यात ठोकलेला खिळा झाड कितीही उंच गेले तरी त्याच उंचीवर राहतो, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. झाड शेंड्यास वाढते. हाडही तसेच टोकांशी वाढते.

सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहिले असता या चकतीत पेशी रुपयांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या दिसतात. टोकाकडील बाजूस काही पेशी राखीव असतात. त्यांच्या लगत पेशींचे विभाजन होऊन चळत उंच होत जाते. त्यापुढे पेशी मूळच्या कित्येक पट फुगतात, आणि हाडाची लांबी बरीचशी या फुगण्यामुळेच वाढते. शेवटच्या थरात त्यांच्याभोवती चुना व स्फुरद यांचे क्षार साठतात, दांड्याकडून रक्तवाहिन्या येऊन भिडतात, आणि त्या जागी हाड तयार होते. एका बाजूने नवी कूर्चा बनत राहते व दुसऱ्या बाजूने तिचे हाड होत राहते. या दोन क्रियांचा मेळ राहिला तर हाड सरळ व मजबूत वाढते. शरीरातील वाढीचे अंतःस्राव हे काम चालू ठेवतात. वयात आल्यावर लैंगिक अंतःस्राव ते हळूहळू थांबवतात, चकती नाहीशी होते आणि टोक दांड्यास कायमचे जुळते.

याचा पडताळा मांसाहारी घरांतील स्वयंपाकघरात रोज मिळतो. कोवळ्या बकऱ्याची नळी शिजली म्हणजे तिचे टोक टोपणासारखे निघून येते; जून बकऱ्याची नळी कितीही शिजवली तरी टोक सुटत नाही. परदेशांतील खाटीकखान्यांत कोकराचे मांस व जून मेंढीचे मांस ओळखण्यासाठी पायाच्या नळीचा हाच सांधा मोडून पाहण्याची पद्धत आहे.

सगळ्या चकत्या एकाच वेळी मिटत नाहीत. गुरांच्या पुढच्या पायात कोपराच्या सांध्याशी असलेली चकती एक ते दीड वर्षात मिटते. खुरावरच्या नळीच्या खालच्या टोकाची दोन ते अडीच वर्षांत मिटते. परंतु पुढच्या गुडघ्याच्या वरची चकती आणि मागच्या पायाच्या, पोटास लागून असलेल्या मोठ्या गुडघ्याच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या साडेतीन ते चार वर्षांपर्यंत उघड्या असतात. पाठीच्या मणक्यांस तर त्याहूनही अधिक काळ लागतो. ही वये मुख्यतः परदेशी जातींच्या निरीक्षणांवरून ठरलेली आहेत. आपल्याकडील सावकाश वाढणाऱ्या जनावरांत यापेक्षा लवकर धरू नयेत, हे उत्तम.

येथे खच्चीकरणाविषयी दोन शब्द सांगणे योग्य होईल. लहान वयात खच्ची केलेल्या गोऱ्ह्याच्या शरीरात लैंगिक अंतःस्राव जवळजवळ नसल्यामुळे त्याच्या चकत्या उशिरा मिटतात, म्हणून तो वळूपेक्षा उंच व लांब पायांचा होतो. अशा गोऱ्ह्याची उंची पाहून शेतकऱ्यास वाटते की जनावर तयार झाले, आता जुंपावे. वस्तुतः त्याची उंची हीच त्याची हाडे अजून कच्ची असल्याची खूण असू शकते. उंचीपेक्षा दातांवर विश्वास ठेवावा.

वाढ बिघडते ती कशी

पहिला धोका जन्माच्या दिवशीच उभा राहतो. नाळ तोडल्यावर ती काही काळ उघडी असते, आणि गोठ्यातील शेणामुतातील जंतू तिच्यातून रक्तात शिरतात. हे जंतू सांध्यांत जाऊन बसतात. पहिल्या काही आठवड्यांत वासराचा गुडघा किंवा मागचा सांधा एकाएकी सुजतो, हातास गरम लागतो, वासरू तो पाय टेकत नाही, अंगात ताप असतो. सांध्यात जमलेल्या पुवातील पांढऱ्या पेशी जंतूंवर जी पाचक द्रव्ये सोडतात, तीच कूर्चेसही पचवून टाकतात. हे काम थोड्याच दिवसांत होते. सांधा सुजलेला पाहून ‘आठ दिवस वाट पाहू’ असे म्हणणारा शेतकरी त्या आठ दिवसांत गोऱ्ह्याचा पाय गमावून बसतो. जंतूनाशक औषधे व सांधा धुऊन काढण्याचा उपचार पशुवैद्याकडून पहिल्या एकदोन दिवसांत झाल्यासच अस्तर वाचण्याची आशा असते.

हा रोग टाळणे मात्र अगदी स्वस्त आहे. नाळ पोटापासून तीनचार सेंटिमीटर अंतरावर स्वच्छ दोऱ्याने बांधून नव्या पात्याने कापावी आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी; पुढील दोनतीन दिवस रोज तसेच करावे. राख, शेण, हळद यांपैकी काहीही लावू नये. आणि चीक पाजावा. पहिला चीक जन्मल्यापासून दोन तासांच्या आत पोटात गेला पाहिजे. पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे पंचवीस किलोच्या वासरास सुमारे अडीच किलो, चीक मिळाला पाहिजे. चिकातील रोगप्रतिकारक द्रव्ये आतड्यातून रक्तात शिरण्याची वाट चोवीस तासांत बंद होते. वार पडेपर्यंत चीक पाजू नये अशी समजूत काही गावांत अजून आहे. तिच्यामुळे होणारे नुकसान गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघर समजावून द्यावे.

दुसरा बिघाड पोषणाचा होय. चकतीच्या शेवटच्या थरात क्षार साठले नाहीत, तर कूर्चा बनत राहते पण तिचे हाड होत नाही. चकती जाड व मऊ होते, भाराने फाकते, गुडघे व खुरावरचे सांधे गाठीसारखे दिसू लागतात, पुढचे पाय धनुष्यासारखे वाकतात, आणि फासळ्यांच्या टोकांशी बोटांना माळेच्या मण्यांसारखे उंचवटे लागतात. यास मुडदूस म्हणतात. कातडीवर ऊन पडले म्हणजे शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते. त्यामुळे आपल्या भरपूर उन्हाच्या प्रदेशात केवळ ड जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा मुडदूस थोडा. अंधाऱ्या गोठ्यात कोंडलेल्या वासरांत तो आढळू शकतो. स्फुरदाची उणीव मात्र अधिक संभवते, कारण दूध तोडल्यानंतर गोऱ्ह्यास बहुधा नुसत्या कडब्यावर ठेवण्यात येते. कडब्यात स्फुरद जेमतेम एक दशांश टक्क्याच्या आसपास असते, तर गव्हाच्या कोंड्यात ते सुमारे १ टक्का असते. उलट कोंड्यात चुना फारच थोडा असतो आणि लसूणघासात तो विपुल असतो. म्हणून कडबा, थोडा द्विदल चारा, मूठभर कोंडा व पेंड, आणि रोज २० ते २५ ग्रॅम खनिज मिश्रण अशी जोड द्यावी. कालवड व गोऱ्हा एकाच दावणीत असता कालवडीस पेंड व गोऱ्ह्यास काड्या, ही वाटणी हिशेबास बरी दिसते. परंतु त्याच गोऱ्ह्याकडून पुढे दहा वर्षे काम घ्यावयाचे असते.

जुन्या शेतकी पत्रिकांत हाडांची भुकटी चारण्याची शिफारस आढळेल. ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये ओळखला गेलेला गायींच्या मेंदूचा रोग मांस व हाडांच्या भुकटीतून पसरल्याचे सिद्ध झाल्यापासून गुरांना अशी भुकटी देणे गैर मानले जाते. खनिज मिश्रणात डायकॅल्शियम फॉस्फेट असते, ते पुरेसे आहे.

मुडदुसाच्या बाबतीत एक समाधानाची गोष्ट आहे. चकत्या उघड्या असेपर्यंत योग्य आहार सुरू केला, तर हाड पुन्हा नीट रचले जाऊ लागते व थोडेफार वाकलेले पाय सुधारतात. चकत्या मिटल्यावर वाक कायम होतो.

तिसरा धोका जुवाचा. वाढीची चकती ही लांब हाडातील सर्वांत दुबळी जागा होय. वाढत्या जनावरास जबर हिसका बसला, तर सांध्याचे बंध तुटण्याऐवजी हाड याच जागी निखळते. चकतीवर सतत एकाच बाजूने जादा दाब पडला, तर त्या बाजूची वाढ मंदावते व पाय तिरपा वाढतो. एका पायाने लंगडणाऱ्या वासराचा दुसरा, चांगला, पाय वाकलेला दिसतो त्याचे कारण हेच. शिवाय कोवळ्या अस्तरावर जड ओढीचे धक्के बसून त्यास चिरा गेल्या, तर त्या भरून येत नाहीत, हे वर सांगितलेच आहे. नांगर ओढताना जोर मुख्यतः मागच्या पायांच्या मोठ्या गुडघ्यांतून लागतो, आणि नेमक्या त्याच गुडघ्यांच्या चकत्या सर्वांत शेवटी मिटतात.

यावरून जुंपण्याचे वय दातांवर ठरवावे. आदत गोऱ्ह्यास जू दाखवू नये. कासरा, वेसण व माणसाची सवय एवढेच शिकवावे. दुसा, म्हणजे दोन कायमचे दात आलेला गोऱ्हा, आपल्याकडे सुमारे अडीच ते तीन वर्षांचा असतो. त्यास रिकामी गाडी किंवा भुसभुशीत रानात हलका वखर, तोही सकाळचा तासभर, पुरे. चौसा झाल्यावर कोळपणी, पेरणी अशी कामे अर्धा दिवस द्यावीत. नांगरट, उसाची भरलेली गाडी व दगडी रस्त्यावरची वाहतूक ही कामे सहादाती होईपर्यंत टाळावीत. दुसा जनावर मोठ्या बैलाच्या जोडीस देऊन खोल नांगरास जुंपणे हा सर्वांत वाईट प्रकार. त्यात लहान जनावरावर वाजवीपेक्षा अधिक ओढ येते व ते घसरत, हिसके खात चालते. ज्याच्या घरी दुसरे जनावर नाही त्यास हे थांबणे कठीण आहे, हे खरे. अशा शेतकऱ्याने शेजाऱ्याशी इर्जिक करावी किंवा एका हंगामाची नांगरट भाड्याने करून घ्यावी. एका हंगामाचे भाडे आणि लंगड्या बैलाच्या जागी नवा बैल घेण्याचा खर्च यांचा हिशेब त्याने स्वतःच मांडून पाहावा.

सांध्याची परीक्षा

कूर्चा डोळ्यांनी दिसत नसल्यामुळे तिची परीक्षा आडमार्गाने करावी लागते. क्ष-किरणांच्या चित्रात हाड पांढरे उमटते व कूर्चा मुळीच उमटत नाही. दोन हाडांमध्ये जी काळी फट दिसते तिच्यात कूर्चा असते असे समजावयाचे. फट अरुंद झाली असेल तर अस्तर झिजले. वाढत्या वासरात वाढीची चकतीही अशीच काळ्या रेषेसारखी दिसते. मुडदुसात ही रेषा रुंद होते व तिची कड उसवलेल्या कापडासारखी दिसते. मोठ्या रुग्णालयांत ध्वनिलहरींच्या यंत्राने किंवा सांध्यात बारीक नळी घालूनही पाहतात.

सांध्यातील द्रव काढून पाहणे हा पशुवैद्याचा जुना व विश्वासार्ह उपाय आहे. निरोगी द्रव नितळ, फिकट पिवळसर व चिकट असतो. त्याचा थेंब दोन बोटांत धरून बोटे दूर केली असता दोनतीन सेंटिमीटरांची तार सुटते. जंतू शिरले असता द्रव गढूळ व पातळ होतो आणि तार सुटत नाही. ही तपासणी पशुवैद्यानेच करावी. सांध्यात अस्वच्छ सुई गेली तर ज्या रोगाची भीती असते तोच ओढवतो. विशेषतः पुढच्या गुडघ्यावर मऊ, न दुखणारी, पाण्याची फुगी आली असेल तर ती कोणीही फोडू नये. गायीगुरांतील सांसर्गिक गर्भपाताच्या रोगात अशा फुग्या येतात, आणि तो रोग माणसासही होतो.

प्रयोगशाळेत कूर्चेचा पातळ छेद घेऊन तो सॅफ्रानिन-ओ या रंगात बुडवतात. पाणी धरून ठेवणारी संयुगे शाबूत असतील तेथे छेद लाल होतो. ती नष्ट झाली असतील तेथे रंग फिका पडतो. अमेरिकन वैद्य हेन्री मॅन्किन यांनी १९७१ मध्ये माणसाच्या खुब्याच्या कूर्चेसाठी गुण देण्याची पद्धत बसविली. पृष्ठभागाच्या चिरा, पेशींची स्थिती, रंगाचा फिकेपणा आणि खालच्या सीमारेषेची अखंडता पाहून शून्य ते चौदा गुण द्यावयाचे. शून्य म्हणजे निरोगी. पुढे जनावरांच्या सांध्यांवरील संशोधनातही हीच पद्धत फेरफार करून वापरली गेली. अशा छेदांतून दिसणारा क्रम शेतकऱ्यास उद्बोधक आहे. प्रथम वरच्या थराचा रंग जातो, मग पृष्ठभाग उसवतो, मग खोल चिरा पडतात, आणि अखेरीस अस्तर जाऊन हाडावर हाड घासते व ते हस्तिदंतासारखे चकचकीत होते. पहिल्या पायरीवर जनावर मुळीच लंगडत नाही.

गावात करता येण्याजोगी परीक्षा अशी. जनावर बसलेले असताना त्यास उठवावे व ते कसे उठते हे पाहावे. मग कठीण जमिनीवर सरळ चालवावे आणि डावीकडे व उजवीकडे वळवावे. पुढच्या पायात दोष असेल तर तो पाय टेकताना जनावर डोके वर उचलते व चांगला पाय टेकताना खाली करते. मागच्या पायात दोष असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा अधिक वरखाली होतो. नंतर दोन्ही पायांचे तेच सांधे एकाच वेळी दोन तळहातांनी चाचपावेत. एका हातास अधिक ऊब लागली तर सूज ताजी समजावी. सांधा हळू दुमडताना आत करकर जाणवली तर अस्तर खडबडीत झाले असे जाणावे. सकाळी ताठर चालून दहा मिनिटांत मोकळे होणारे जनावर विकत घेताना सावध असावे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील ज्या गावांच्या विहिरींत फ्लोराइड अधिक आहे, तेथे दातांवर तपकिरी पट्टे व त्याबरोबर लंगडणे दिसल्यास आधी पाणी तपासून घ्यावे. तेथील रोग कूर्चेपेक्षा हाडाचा असतो.

उपचाराविषयी

सुजलेल्या सांध्यास तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची चाल अनेक ठिकाणी अजून टिकून आहे. डागामुळे कातडी भाजते, आत कूर्चेस काही लाभ होत नाही, आणि जखमेतून जंतू शिरण्यास नवी वाट मिळते. जनावर काही दिवस भाजल्याच्या दुःखाने कामावर जात नाही. त्या सक्तीच्या विश्रांतीने थोडा आराम पडतो व श्रेय डागास मिळते. विश्रांतीच द्यावयाची तर डागावाचून देता येते.

वेदनाशामक औषधांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. इंजेक्शन दिल्यावर बैल दुसऱ्या दिवशी चालू लागतो, म्हणून त्यास लगेच जुंपतात. आता दुःख जाणवत नसल्यामुळे तो झिजलेल्या सांध्यावर पूर्ण जोर देतो व उरलेले अस्तरही जाते. वेदनाशामक दिल्यावर विश्रांती अधिक काटेकोरपणे पाळली पाहिजे. डायक्लोफिनॅक हे औषध जनावरांसाठी वापरण्यास भारतात २००६ पासून बंदी आहे. ते दिलेल्या मृत जनावराचे मांस खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व अॅसिक्लोफिनॅक यांवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांस निर्धोक आहे. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतील डायक्लोफिनॅक गुरांस टोचण्याचे प्रकार कोठे दिसल्यास कार्यकर्त्यांनी ते पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या निदर्शनास आणावेत.

ज्या बैलाचे सांधे आधीच झिजले आहेत, त्यास पुन्हा नवे अस्तर देण्याचा उपाय नाही. त्याचे दिवस सुसह्य करणे शक्य असते. वाढलेले खूर छाटून घ्यावेत, म्हणजे भार सरळ पडतो. गोठ्यात दगडी फरशीवर पाचट किंवा भुसा अंथरावा. अंगावर चरबी चढू देऊ नये. थंडीच्या दिवसांत सकाळी उन्हे वर आल्यावर प्रथम मोकळे फिरवावे व मगच हलके काम द्यावे. सांध्यास सूज किंवा ऊब असेल त्या दिवशी जुंपू नये. पूर्ण बांधून ठेवणेही योग्य नाही, कारण उरलेल्या कूर्चेचे पोषण चालण्यावरच होते. मऊ रानातून रोज अर्धा-एक तास चरत फिरणे अशा बैलास पुरेसे असते.